गुण कशाला द्यावेत?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला नेमून दिलेला विषय कार्यक्रमपत्रिकेत फार भारदस्त दिसतो : 'प्राथमिक वर्गांतील मुलांची तंत्रज्ञान-साक्षरता आणि तिचे मूल्यमापन'. हा मथळा वाचून मागच्या रांगेतले काही पालक हळूच चहाकडे वळतील अशी मला धास्ती होती. आपण बसून राहिलात याबद्दल प्रथम आभार मानतो. मी कोणी शिक्षणतज्ज्ञ नाही. पाचवी-सहावीला मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. कार्यानुभवाला वेगळा शिक्षक नसल्यामुळे तो विषय काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडला. तेव्हा जे बोलेन ते अनुभवातले बोलेन, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासूनच करतो.

पहिल्या वर्षी मी पाचवीच्या मुलांना 'उपयोगाची एखादी वस्तू करून आणा' असे सांगितले. ठरलेल्या दिवशी टेबल भरून गेले. त्यात पुठ्ठ्याची एक पवनचक्की होती. रंग सुबक, पाती मोजून कापलेली, खाली मुलाचे नाव सोनेरी अक्षरांत. मी तिला अ-१ श्रेणी दिली. त्याच टेबलाच्या कडेला जुन्या जाळ्याच्या दोरीचे एक शिंके पडले होते. वाकडे-तिकडे, मासळीचा वास येणारे. ते करणाऱ्या मुलाची वही कोरी होती. त्याला मी क-१ दिली आणि वर 'नीटनेटकेपणा हवा' असा शेराही मारला. पुढे महिन्याभरात तालुक्याला गेलो असता एका स्टेशनरीच्या दुकानात तशाच पवनचक्क्या रांगेने टांगलेल्या दिसल्या, रंगही तोच. दुकानदाराने मला 'सर, किती देऊ?' असे विचारले, तेव्हा मला फार लाजल्यासारखे झाले.

पालकहो, मी त्या दिवशी श्रेणी दिली ती मुलाला नव्हे, दुकानदाराला. आणि शिंके करणाऱ्या मुलाला काय समजले होते, काय नव्हते, हे मी तपासलेच नव्हते. मी फक्त पाहिले होते.

आपल्यापैकी पुष्कळजण मला सांगतात, 'सर, आमचा मुलगा मोबाईल डोळे झाकून चालवतो. तंत्रज्ञानात तो पुढेच आहे.' खरे आहे, चालवतो. पण रिक्षात बसणाऱ्याला रिक्षा कळते असे आपण म्हणत नाही. वस्तू वापरता येणे ही एक गोष्ट, आणि ती कोणाच्या कोणत्या गरजेसाठी झाली, हाच पदार्थ त्यासाठी का घेतला, ती मोडते तेव्हा कुठे मोडते, तिच्यामुळे दुसरी कोणती अडचण उभी राहते, हे कळणे ही दुसरी गोष्ट. तंत्रज्ञान-साक्षरता म्हणतात ती या दुसऱ्या गोष्टीला.

लहान मुलांच्या मनात या शब्दाचा अर्थ काय असतो, हे अमेरिकेतील बोस्टन शहराच्या विज्ञान संग्रहालयाने पाहिले आहे. प्राथमिक शाळांसाठी अभियांत्रिकीचा एक अभ्यासक्रम त्या संग्रहालयाने २००३ साली हाती घेतला. त्यासाठी मुलांपुढे चित्रे ठेवली आणि विचारले, यांतले तंत्रज्ञान कोणते? मुलांनी विजेवर चालणाऱ्या वस्तूंवर खुणा केल्या. कप, जोडा, जखमेवरची पट्टी अशा साध्या वस्तू बऱ्याच जणांनी सोडून दिल्या. तसेच इंजिनिअर काय करतो असे विचारले, तर गाड्या दुरुस्त करतो, तारा जोडतो, इमारती बांधतो, असे पुष्कळांना वाटत होते. तो आधी विचार करून आराखडा करतो, हे थोड्यांनाच ठाऊक होते.

हे वाचल्यावर मी आमच्या वर्गात प्रयोग केला. टेबलावर मोबाईल, टॉर्च, चप्पल, मातीचा माठ, हिरांचा खराटा आणि माडाची एक ओली झावळी ठेवली. फळ्यावर आकाशातल्या विजेचे चित्र काढले. मुलांनी मोबाईल आणि टॉर्च एका दमात निवडले. चप्पल, माठ, खराटा यांना कोणी हात लावीना. उलट फळ्यावरच्या विजेला मात्र सात-आठ जणांनी मते दिली. का, तर 'त्यात करंट असतो, सर!' मी झावळी आणि खराटा शेजारी शेजारी धरले आणि विचारले, यातून हे होईपर्यंत मध्ये काय झाले? तेव्हा एक मुलगी सांगू लागली की तिची आजी पाती सोलते, हीर वेगळे काढते, बुडे सारखी करून घट्ट आवळते, आणि हीर ओले असताना आवळले तर वाळल्यावर जुडी सैल पडते. त्या मुलीने पाठ्यपुस्तकातली व्याख्या सांगितली नव्हती. पण पदार्थ, कृती, बिघाड आणि कारण या चारही गोष्टी तिच्या एका वाक्यात आल्या होत्या. माझ्या गुणपत्रकात मात्र तिच्यासाठी एकही रकाना नव्हता.

आता दुसरा भाग, आखणी करून वस्तू घडवण्याचा. बोस्टनच्या त्या अभ्यासक्रमात मुलांसाठी याच्या पाच पायऱ्या केल्या आहेत : विचारा, कल्पना करा, आखा, घडवा, सुधारा. पायऱ्या चांगल्या आहेत; पण आपल्याकडे कोणतीही चांगली गोष्ट पाठांतराच्या घाण्यात घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मीही एका चाचणीत प्रश्न घातला, 'पाच पायऱ्या क्रमाने लिहा'. वर्गातल्या बहुतेकांना पाचपैकी पाच गुण मिळाले. दुसऱ्याच दिवशी त्याच मुलांना कात्री-पुठ्ठा दिला, तर न विचारता, न आखता जो तो कापायला धावला!

तेव्हा ठरवले की खरी अडचण द्यायची. आपल्या कोकणात ती शोधावी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊसही. सहावीच्या वर्गात ४८ मुले, म्हणजे ४८ ओल्या छत्र्या. कोपऱ्यात ढीग, त्यातून पाण्याचा ओहोळ थेट पहिल्या बाकापर्यंत. एक मुलगी घसरून पडलीही. मी म्हटले, या छत्र्या ठेवायला काहीतरी करा. चार-चार मुलांचे गट केले. विकतचे काही आणायचे नाही. बांबू, जुने डबे, दोरी, पाइपचे तुकडे, जे गावात पडलेले असेल ते. आणि एक नियम जरा जाचक घातला : वहीत खोडरबर वापरायचे नाही. चित्र चुकले तर त्यावर एक रेघ मारायची, तारीख घालायची आणि नवे चित्र शेजारी काढायचे.

पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, 'सर, छत्री नुसती ठेवायची की वाळवायची पण?' खरे सांगतो, हा प्रश्न मला सुचलेला नव्हता. दुसऱ्या गटातली एक मुलगी झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारून आली की खालून खराटा फिरवता यायला किती जागा लागते. ही मुले अजून काहीही न करता निम्मे काम करून बसली होती. पण आपण गुण देतो ते वस्तू टेबलावर आल्यावर. मग प्रश्न विचारण्याचे गुण कोणी द्यायचे?

एका गटाने तेलाचा पंधरा किलोचा डबा आणला. चार छत्र्या एका बाजूला टेकल्या की डबा आडवा. त्यांनी तळाशी दगड घातले. डबा उभा राहिला, पण पाणी साचून त्यात डास झाले. मग भोके पाडली. पाणी पुन्हा जमिनीवर. शेवटी पाइपचा तुकडा उभा चिरून डब्याखाली पन्हळ केली आणि पाणी वऱ्हांड्याबाहेर काढले. हा डबा दिसायला अगदी बेंगरूळ होता. तरी वहीत चार तारखांची चार चित्रे होती आणि प्रत्येक चित्रात आदल्या चित्रातली एकच गोष्ट बदललेली होती. एकच का, असे विचारले तर गटातला सर्वांत धाकटा म्हणाला, 'दोन बदलल्या तर कशामुळे बरे झाले ते कळणार कसे?'

दुसऱ्या गटाने बांबूची घोडी केली, छत्र्या टांगायला. नायलॉनच्या दोरीने सांधे बांधले. दोन दिवसांत घोडी डुलू लागली. या गटात तो शिंकेवाला मुलगा होता. त्याने कोणाला न सांगता मधल्या सुटीत सगळे सांधे सोडले आणि काथ्याने पुन्हा बांधले. वहीत त्याने काहीही लिहिले नव्हते. मागच्या वर्षीचा मी असतो तर पुन्हा क-१ दिली असती. पण या वेळी मी त्याला बाजूला घेऊन विचारले, दोरी का बदललीस?

'नायलॉन गुळगुळीत, सर. बांबूपण गुळगुळीत. दोन्ही घसरतात. काथ्या खरबरीत, तो धरतो.'

'मग नायलॉन वाईट म्हणायचा का?'

'नाही सर, जाळ्याला नायलॉनच पाहिजे. पाणी धरत नाही, लवकर वाळतो.'

पालकहो, एकच पदार्थ एका कामाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळते आणि तो कारणासह सांगतो. आणखी काय तपासायचे राहिले? हे ज्ञान त्याच्याकडे आदल्या वर्षीही होते. मी विचारले नव्हते, एवढेच.

विचारणे हीच मग माझी परीक्षा झाली. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून दोन मिनिटे द्यायची. ४८ मुलांना ९६ मिनिटे लागतात, म्हणजे तीनही तासिका पुऱ्या होत नाहीत. वेळ नाही ही आम्हा शिक्षकांची सबब इथे टिकत नाही, हे मी सहकाऱ्यांची माफी मागून सांगतो. एकेकटे अशासाठी की गटाच्या गुणांआड गप्प मूल आणि आळशी मूल दोन्ही लपतात. वस्तू कोणासाठी केली, दुसरा कोणता मार्ग मनात आला होता आणि तो का सोडला, कुठे बिघडले, आणि बिघडल्यावर काय बदलले, एवढेच विचारायचे. आजकाल प्रकल्पाची वही मोबाईलला सांगितले तर तोही लिहून देतो, आणि सुवाच्य देतो. पण 'तुझा डबा कोणत्या बाजूला पडला?' याचे उत्तर ज्याचा डबा पडला त्यालाच देता येते.

वीस गुणांपैकी वस्तूच्या देखणेपणाला मी दोनच ठेवले. त्यावर एक पालक माझ्याशी भांडायला आले होते. ते आज सभागृहात आहेत आणि हसत आहेत, तेव्हा राग गेला असे समजतो.

ही काही माझ्या एकट्याची कल्पना नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मधल्या इयत्तांतील मुलांना पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुली अशा वस्तू आखून करायला दिल्या होत्या. त्यांत शहरातल्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांबरोबर ग्रामीण आश्रमशाळेतली मराठी माध्यमाची मुलेही होती. तिथल्या अभ्यासकांनी तयार वस्तूबरोबरच मुलांची कच्ची चित्रे, मापे घातलेली चित्रे आणि कामाच्या क्रमाची आखणी बारकाईने पाहिली. अमेरिकेत २०१४ साली आठवीच्या एकवीस हजारांहून अधिक मुलांची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीची राष्ट्रीय चाचणी झाली. ती संगणकावर होती, पण व्याख्या विचारणारी नव्हती. मुलांपुढे प्रसंग ठेवले होते. त्यांतला एक प्रसंग ऐकून तुम्हाला गंमत वाटेल : एका दूरच्या खेड्यातला हातपंप बंद पडला आहे, कुठे बिघाड आहे ते शोधा आणि दुरुस्त करा.

ज्याला आपण गावात नुसते 'बोअरिंग' म्हणतो तोच हा हातपंप, आणि त्याचा इतिहास तर आपल्या महाराष्ट्रातला आहे. पूर्वी बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले होते. आपल्याकडे त्यावर सबंध गाव दिवसभर पाणी ओढी. साहजिकच ते भराभर मोडत. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंप करून पाहिला गेला. सोलापूरला दांड्याला साखळी आणि बेअरिंग जोडून तो आणखी सुधारला. त्याच धर्तीवर युनिसेफ, सरकार आणि कारखानदार यांनी मिळून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क-२ हा पंप तयार केला आणि तो देशात लाखोंनी बसला. तरीही एक खोट राहिली होती : आतला दट्ट्या बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत. म्हणून पुढे मार्क-३ आला. त्यात पाइप रुंद केल्यामुळे दट्ट्या तेवढा वर काढता येतो. सहावीच्या मुलांना मी हे शाळेमागच्या बोअरिंगजवळ उभे राहून सांगितले, तेव्हा तेलाच्या डब्याचा गट एकमेकांकडे पाहू लागला. मोठ्या माणसांचेही पहिल्या खेपेला जमत नाही, हे त्यांना बहुधा नवीन होते.

त्या अमेरिकन चाचणीची आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांनी लक्षात घ्यावी. २०१४ साली मुलींची सरासरी मुलांपेक्षा वर होती, आणि २०१८ साली ती पुन्हा झाली तेव्हाही वरच होती. आमच्या वर्गात मात्र मी गुणपत्रक नीट पाहिले तेव्हा आढळले की बहुतेक गटांत वही मुलीकडे आणि करवत मुलाकडे. मुलींना लिहिण्याचे गुण पूर्ण, घडवण्याचे शून्य, कारण त्यांच्या हाती हत्यार आलेच नव्हते. हे मुलींचे अज्ञान नव्हे, माझी ढिलाई होती. आता दर दिवशी कामे बदलतात. घरीही पाना-पक्कड कोणाच्या हाती जाते, ते आपण पाहावे.

तो शिंकेवाला मुलगा सहावीत असताना त्याचे वडील माझ्याकडे आले होते. म्हणाले, 'सर, पोराला पुस्तकातले जमत नाही. यंदा होडीवर घेतो.' मी म्हटले, 'चाचा, दोन मिनिटे बसा,' आणि मुलाला बोलावून दोरीचे तेच प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा विचारले. वडील ऐकत राहिले. मग मुलाला म्हणाले, 'हे तुला कोणी शिकवले?' मुलगा म्हणाला, 'तुम्हीच.' मुलगा आज नववीत आहे. गणितात अजून कच्चा आहे, सुटीत होडीवर जातोच. पण शाळा सुटलेली नाही. श्रेणी चुकीची पडली की एखादे मूल शाळेबाहेर जाऊ शकते, हे मी त्या दिवशी जवळून पाहिले. क-१ चा तो कागद त्याच्या वडिलांनी खिशातून काढून दाखवला होता. त्यावर माझी सही होती.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे. आपल्या समाजात शिंपी आहेत, गॅरेजवाले आहेत, होड्या बांधणारे आहेत, आखातात वीस-वीस वर्षे वेल्डिंग करून परतलेले आहेत. पालकहो, आपण वर्गात येऊन बसावे आणि मुलाला एवढेच विचारावे की असे का केलेस. उत्तर मात्र आपण देऊ नये. आणि घरी प्रकल्प करताना मुलाचे कापलेले वाकडे झाले, तर कृपया कात्री त्याच्या हातातून घेऊ नये. वाकडे तसेच शाळेत येऊ द्यावे. मला ते वाकडेच हवे आहे. त्यावरून मला कळते की तो कुठपर्यंत आला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला फक्त खोडरबराची आठवण करून देतो.

छत्र्यांची घोडी आणि तेलाचा डबा दोन्ही वरच्या वऱ्हांड्यात ठेवले आहेत. चहानंतर जरूर पाहावेत. शेजारी वह्या आहेत, रेघा मारलेल्या चित्रांसह. पन्हळीच्या डाव्या टोकाला पाणी अजून थोडे गळते. का गळते, ते यंदाच्या सहावीच्या मुलांना विचारा. ती तिथेच उभी आहेत.